खणाची मूठ

आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी धुराचा पंखा लावायला हात पुढे केला आणि गॅस बंद केला. एवढंच झालं. वर येणारं दूध खाली बसलं, निळी ज्योत होती तिथे काळं वर्तुळ राहिलं. चूक कळायला मला किती वेळ लागला ते मी नंतर मोजून पाहिलं, कारण मोजणं ही माझ्या शिक्षणाची खोड आहे. तीन सेकंद असावेत, फार तर चार. त्या वेळात पंखा चालू झाल्याची माझी खात्री होती. नुसती खात्री नव्हे, मला तो ऐकू येत होता. त्याची घरघर, मध्येच पातं जाळीला घासल्याचा आवाज, सगळं. मग बाहेरच्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, “काय बंद केलंस गं?” आणि पंख्याचा आवाज थांबला. जो लागलाच नव्हता तो थांबला.

“काही नाही, आई.”

“काही नाही कसं? काहीतरी होतं ते गेलं.”

त्यांना दिसत नाही. म्हणजे कडेचं दिसतं, मधलं गेलंय. माणसाकडे बघायचं असलं तर त्या त्याच्या खांद्यापलीकडे बघतात. पाच वर्षांत हळूहळू गेलं. आमचे हे चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतात, त्यामुळे आईंना बोलायला आयतंच सापडलं आहे. “मुलगा जगाला चष्मे लावतो आणि आई भिंती चाचपते, दुकानात सांगू नका रे, गिऱ्हाईक पळेल,” असं त्या आल्यागेल्याला सांगतात आणि स्वतःच हसतात. त्यांच्यासाठी घरात एकच नियम आहे: कुठलीही वस्तू जागची हलवायची नाही. साखरेचा डबा डावीकडून तिसरा, मिठाचा पाचवा. स्टूल खिडकीला टेकलेलं. चपला दाराच्या उजव्या अंगाला. एकदा मी हौसेने डब्यांचा नवा संच आणला आणि एक डबा जास्त झाला, तेव्हा शेजारच्या काकांनी मिठाचा चहा निमूटपणे संपवला होता. वर कपही विसळून ठेवला. “सभ्य माणूस,” आई म्हणाल्या, “पण आता येणार नाही.” त्या दिवसापासून मी काही हलवलेलं नाही. नियम कळायला सोपा आहे. हात एकदा शिकला की त्याला पुन्हा शिकवायला जाऊ नये. हे मला घरी कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, मी तर कामाच्या ठिकाणी हेच शिकवते.

आईंच्या खोलीत त्यांचं जुनं कपाट आहे, खाली सहा खण असलेलं. पाच खणांना पितळी गोल मुठी आहेत, तळहातात भरतील एवढ्या मोठ्या. सहाव्या खणाला, सर्वांत खालच्या, मुठीच्या जागी भोक आहे. त्या खणात आईंचे रुमाल असतात. रोज सकाळी अंघोळीनंतर त्या वाकतात, हात नेमका मुठीच्या जागी जातो, बोटं हवेत मिटतात, क्षणभर तशीच राहतात. मग एक बोट भोकात जातं आणि खण उघडतो. दोन वर्षं रोज. मी एकदा म्हटलं होतं, “आई, मूठ नाही हे माहीत आहे ना तुम्हांला?” त्या म्हणाल्या, “मला माहीत आहे. ह्याला माहीत नाही,” आणि स्वतःचा हात माझ्यापुढे धरला, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा.

सहावी मूठ मी नेली होती. ह्यांनी ती स्वतः उतरवून दिली होती, आणि माझ्या कामाच्या ठिकाणी येऊन बसवूनही दिली होती.

ह्यांनी चहाचा कप ठेवला. “दहाला जायचंय ना तुला?”

“हो.”

“काय विचारणार आहेत?”

“आवाज ऐकवणार आहेत. विमानातला. कुठलातरी एक शब्द त्यांना लागत नाहीये, असं पत्रात आहे.”

“तुला लागेल?”

“ऐकल्याशिवाय काय सांगू?”

ते उठले, खिडकीपाशी गेले, स्टुलाला हात लावला आणि न हलवता परत आले. “त्या स्क्रूचं कोणी काही विचारलं नाही ना?” त्यांनी हळूच विचारलं. आई बाहेरच्या खोलीत होत्या म्हणून हळू. पण आईंना सगळंच ऐकू येतं.

“अजून नाही,” मी म्हटलं.

बाहेर पडताना मी तपकिरी बॅग घेतली. एरवी खांद्यावर कापडी पिशवी असते, पण सरकारी कार्यालयात जायचं तर हीच. मागच्या वेळी घेतली होती ती तीन आठवड्यांपूर्वी, गुरुवारी. त्या गुरुवारी दुपारी अडीच वाजता एक छोटं पंख्यांचं विमान धावपट्टीच्या दोन किलोमीटर अलीकडे खाली आलं. छत्तीस माणसं होती. कोणी वाचलं नाही. उजव्या खुर्चीत, सहवैमानिक म्हणून, आमची मुंगी होती, माझी विद्यार्थिनी.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. उजवा हात सकाळी गॅसकडे गेला तो कुठल्या वाटेने गेला असेल? खांदा, कोपर, मनगट, इतक्या सांध्यांनी मिळून एक चुकीचं काम किती बिनचूक केलं होतं. तो अडखळला नव्हता. अडखळला असता तर मी बघितलं असतं. हात बरोबर जात असतो तेव्हा आपण बघत नाही, आणि चुकीचं जातानाही त्याला तसंच वाटत असतं, बरोबर. वर्गात पहिल्या दिवशी मी हे सांगते. मी वैमानिक नाही. भौतिकशास्त्र शिकले, मग माणसाचे हात आणि यंत्राचे दांडे यांच्यात काय घडतं याचा अभ्यास केला, आणि गेली एकोणीस वर्षं नव्या वैमानिकांना जमिनीवर, विमानाला हात लावण्यापूर्वी, त्यांच्या बसायच्या जागेची ओळख करून देते. त्यासाठी आमच्याकडे लाकडी कॉकपिट आहे. सुताराने केलेलं, रंगवलेलं, घड्याळांच्या जागी छापील कागद चिकटवलेलं. वीज नाही, आवाज नाही. त्याला सगळे खोका म्हणतात. खोक्यात बसवून मी विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधते आणि एकेक नाव घेते. त्याने हात लावायचा, हाताला काय लागतंय ते बोलायचं आणि मग ‘बरोबर आहे’ म्हणायचं. ही पद्धत माझी. दुसरीकडे डोळे बांधतात, पण बोलायला लावत नाहीत. मी लावते, कारण बोललं की हात आणि डोकं यांच्यात एक गाठ बसते. चाकांचा दांडा, ज्याची मूठच चाकासारखी? “चाक आहे, बरोबर आहे.” पॉवर, म्हणजे इंजिनांची ताकद वाढवायचे दांडे? “खाचा आहेत, बरोबर आहे.” प्रॉप, म्हणजे पंख्यांचे दोन लिव्हर? “जोडी आहे, बरोबर आहे.” फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखांच्या मागच्या कडेची फळी खाली करायची? “चपटी आहे, बरोबर आहे.” तीस नावं. यात एक चाल आपोआप येते, पाढ्यांसारखी. वर्षानुवर्षं म्हणून ती चाल माझी झाली आहे. घरी भाजी निवडतानाही कधी कधी तोंडात येते.

मुंगी चार फूट अकरा इंच होती, वर्गाने तिला हे नाव त्यावरूनच दिलं होतं. खुर्ची पार पुढे ओढून घ्यायची, तरी पाठीला उशी लागायची. उजव्या खुर्चीतून डाव्या हाताने मधले दांडे चालवायचे असतात, आणि ती इतकी पुढे बसायची की तिचं कोपर बाजूला निघायचं. वर्ग संपला की बाकीचे पळायचे, ही खोक्यात शिरायची. “मॅडम, पट्टी बांधा ना.” तिला अंधार आवडायचा म्हणे. “डोळे मिटले की खोका मोठा होतो, मॅडम. लाकडाचा वास जातो. मी खरंच वर असते.” तीस नावांना बहुतेकांना सव्वा मिनिट लागतं. तिचे बेचाळीस सेकंद होते. फळ्याच्या कोपऱ्यात तिने खडूने ते लिहून ठेवलं होतं, आणि मागून आलेल्या कोणी पुसायची हिंमत केली नाही.

फ्लॅपची चपटी मूठ मोडली ती तिच्याच बॅचच्या पहिल्या आठवड्यात. कोणाचीतरी बॅग आपटली आणि प्लॅस्टिकचा तुकडा उडाला. मी भांडारात मागणी लिहिली. भांडारपाल म्हणाले, “येईल की मॅडम, घाई काय, तुमचा खोका कुठे उडणार आहे?” वर्ग तर चालू होता. मी घरी बोलले आणि ह्यांनी कपाटाचा खालचा खण दाखवला. “ही चालेल? तात्पुरती?” शनिवारी येऊन बसवलीसुद्धा. स्क्रू थोडा लांब होता, त्यामुळे दांडा खाचेत घासायचा. किंचित उचलून मागे ओढला तर सरकायचा, नाहीतर नाही. ह्यांना ते खटकलं, कापून देतो म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या, तात्पुरतंच आहे. सोमवारी मुलं हसली. एक जण म्हणाला, “मॅडम, फ्लॅप उघडला की आतून रुमाल निघतील.” रुमालांचं त्याला माहीत असायचं काही कारण नव्हतं. मीही हसले. आणि म्हटलं, “खोक्यात गोल, विमानात चपटी. लक्षात ठेवा.” त्यांनी लक्षात ठेवलं. डोक्यात ठेवलं, जिथे असल्या गोष्टी ठेवतात. पट्टी बांधली की मात्र तोंडून यायचं, “गोल आहे, बरोबर आहे,” आणि हात उचलून मागे ओढायचा.

भांडारातून चपटी मूठ आली. आठ महिन्यांपूर्वी आली, कागदात गुंडाळलेली. तेव्हा एक बॅच निम्म्यावर होती. निम्म्यावर असताना हाताखालची वस्तू बदलायची नाही, हे मला आईंनी शिकवलं होतं. बॅच संपली की बसवू म्हटलं. बॅच संपली, दुसरी आली. पुडकं माझ्या टेबलात राहिलं. दर वेळी मला मी शहाणपणाने वागते आहे असंच वाटलं. मी हे लिहिते आहे कारण मला त्या वाटण्याची भीती वाटते. सकाळी पंखा ऐकू आला ना, तसंच होतं ते.

अपघाताच्या आदल्या सोमवार-मंगळवारी मुंगी उजळणीसाठी आली होती. सहा महिन्यांनी यावं लागतं सगळ्यांना. गणवेश अंगावर, खांद्यावर दोन पट्ट्या, पण चेहरा उतरलेला. ठरलेलं लग्न महिन्यापूर्वी मोडलं होतं. “बरं झालं मॅडम,” ती म्हणाली, “त्याला उंच बायको हवी होती. मी म्हटलं, वीस हजार फूट पुरे नाहीत का?” स्वतःच हसली, मग खोक्याकडे वळली. “ही अजून गोलच?” मी म्हटलं, “तुझी वाट बघत होती.” तिने पट्टी बांधून घेतली. दोन दुपारी बसली. मंगळवारी अडतीस सेकंद झाले. मी टाळी वाजवली. फळ्यावर बेचाळीस पुसून अडतीस मी लिहिलं, माझ्या हाताने.

बस चौकात थांबली आणि इंजिन बंद पडलं. चालकाने चावी फिरवली, पुन्हा फिरवली. बंद पडलेल्या यंत्रात बसलेली माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, समोर बघतात, हे मला तेव्हा दिसलं. मग इंजिन लागलं आणि सगळे एकदम बोलू लागले.

परवा मुंगीच्या वडिलांचा फोन आला होता. ते टपाल कार्यालयात नोकरीला आहेत. मोजकं बोलतात. “तुमचं नाव ती फार घ्यायची,” ते म्हणाले. “एक विचारू का? लोक म्हणतात, तिने भलत्याच दांड्याला हात घातला. ती तर लहानपणी रस्ता ओलांडतानासुद्धा तीनदा बघायची. मग तिने बघून का नाही हात लावला?” मी म्हटलं, “चौकशी चालू आहे, साहेब.” त्यांनी ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला नाही. बराच वेळ मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग कोणीतरी, बहुधा तिच्या आईने, त्यांच्या हातातून फोन घेऊन जागेवर ठेवला.

चौकशीच्या कार्यालयाचा जिना अरुंद होता. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत जाड पडदे, भिंतींना फोम, मध्ये टेबल, आणि दोन माणसं. एक आवाजाचा तज्ज्ञ, गळ्यात हेडफोन अडकवलेला. दुसरे चौकशी अधिकारी, साठीचे, जुने वैमानिक. ह्याच जातीचं विमान त्यांनी अकरा वर्षं चालवलं होतं. त्यांचे हात टेबलावर पालथे होते आणि बोलताना हलत नव्हते. गेल्या आठवड्यात त्यांची माणसं आमच्या वर्गात येऊन खोक्याची छायाचित्रं घेऊन गेली होती. ती टेबलावर होती. सगळ्यात वर मधल्या दांड्यांचं. फ्लॅपला चपटी मूठ होती.

ती मी बसवली होती. बसवली असणार. त्या गुरुवारी बातमी कळल्यावर चार वाजता मी वर्गात गेले होते, हे मला आठवतं. दार लावून घेतलं, हे आठवतं. खुर्च्या रिकाम्या होत्या, फळ्यावर अडतीस होतं. त्यानंतर मी बसस्टॉपवर होते. मधली चाळीस मिनिटं आठवत नाहीत. दुसऱ्या दिवशी भांडारपाल म्हणाले, “बसवलीत वाटतं मॅडम शेवटी नवी मूठ,” आणि मी जाऊन बघितलं. सुबक बसवली होती. स्क्रू योग्य लांबीचा होता. दांडा लोण्यासारखा सरकत होता. पितळी मूठ कुठे गेली ते मला माहीत नव्हतं. मी ती शोधली नाही, हेही खरं. तपकिरी बॅगेच्या आतल्या कप्प्यात मी तीन आठवडे हात घातला नव्हता, आणि का घातला नाही असं स्वतःला विचारलं नव्हतं. दोन वर्षांत खोक्यातून गेलेल्या एकोणतीस जणांना गोल मूठ माहीत होती. पण खोक्याबद्दल त्यांना कोण विचारणार? तो काही यंत्र नव्हता. फळ्यासारखा, खडूसारखा होता.

“मॅडम, त्रास होईल,” अधिकारी म्हणाले. “पण तुम्हीच सांगू शकाल असं वाटतं.”

तज्ज्ञाने पडद्यावर एक चित्र आणलं. आडव्या उजळ रेषा, पाण्यावरच्या ओरखड्यांसारख्या. “ही जाड रेघ पंख्यांची,” तो म्हणाला. “पंखे ज्या वेगाने फिरतात तो सूर. ही बघा, सरळ चालली आहे. आणि इथून खाली.” रेघ एका जागी वाकत होती आणि हळूहळू उतरत होती, मान टाकावी तशी. मग त्याने आवाज सोडला.

आधी गुणगुण. मोठी, एकसारखी, अंगात शिरणारी. कप्तानाचा आवाज, थकलेला: “वळतोय. फ्लॅप तीस अंश.” मुंगीचा: “तीस.” मग खट्. आणि लगेच, खूप मृदू, दुसरं खट्. गुणगुण बदलली. कमी झाली नाही, बदलली. खोलीतून कोणीतरी उठून जावं आणि दार ओढून घ्यावं तशी. मला सकाळचं आठवलं. काहीतरी होतं ते गेलं. “ताकद येत नाहीये,” कप्तान म्हणाला. “फ्लॅप बघ, बसला का नीट?” आणि मुंगी म्हणाली, अगदी शांतपणे: “गोलच आहे. बरोबर आहे.” त्यानंतर कप्तान पॉवर पुढे ढकलत राहिल्याचं ऐकू येत होतं, इशाऱ्याची घंटा वाजू लागली होती, आणि तिच्याखाली, श्वासाच्या उंचीवर, मुंगी काहीतरी म्हणत होती. तज्ज्ञाने बाकीचे आवाज दाबले आणि तेवढंच वर आणलं. “चाक आहे, बरोबर आहे. खाचा आहेत, बरोबर आहे. गोल आहे, बरोबर आहे.” ती एकेका दांड्याला हात लावून बघत होती. जोडी मात्र तिने म्हटली नाही. जोडी तिला सापडत नव्हती. कशी सापडणार? खोक्यात प्रॉपचे दोन लिव्हर सुताराने लांब लांब ठेवले होते, दोन बोटांनी धरायचे. खऱ्या विमानात ते एकमेकांना चिकटून असतात. दोन्ही मिळून एकच गोल, तळहात भरून. आणि ते मागे घेताना किंचित उचलावे लागतात, चुकून ओढले जाऊ नयेत म्हणून.

शब्द तिचे होते. चाल माझी होती. फोम लावलेल्या त्या खोलीत मला माझाच आवाज एका मेलेल्या मुलीच्या तोंडून ऐकू येत होता, आणि मी ओठ घट्ट मिटले होते, कारण पुढचं नाव मी घेतलं असतं. नाव घ्यायचं काम माझं. ती थांबली होती ती माझ्यासाठी, असं मला वाटलं. पुढचं नाव कोणी घेत नाहीये म्हणून.

तज्ज्ञाने पुन्हा लावलं. पुन्हा. चौथ्यांदा मी म्हटलं, “पुरे.”

“पंख्यांचे दोन्ही लिव्हर मागे होते,” अधिकारी म्हणाले. “अवशेषांत तसेच सापडले. पाती वाऱ्याला कड देऊन उभी राहिली. इंजिनं चालू, पण हवा कापायला कोणी नाही. बिचारा कप्तान पॉवर ढकलत राहिला. मॅडम, फ्लॅपच्या जागी प्रॉप ओढणं, अशी चूक होऊ शकते. पण प्रॉपला अटकाव आहे. उचलल्याशिवाय येत नाहीत. आणि त्यांच्या मुठी गोल आहेत, फ्लॅपची नाही. आणि ही मुलगी म्हणते, गोलच आहे, बरोबर आहे. म्हणजे हातात काय आहे ते तिला माहीत होतं. माहीत असून ती म्हणते, बरोबर आहे.”

“म्हणजे?”

ते आपल्या हातांकडे बघत म्हणाले, “तिचं लग्न मोडलं होतं म्हणे. मला लिहायला आवडणार नाही. पण समितीत दोघांचं तेच मत आहे. जाणूनबुजून. मी म्हटलं, आधी तिच्या शिक्षिकेला विचारू. तुमच्याकडे असं काही म्हणायची पद्धत आहे का? हे गोल म्हणजे काय?”

तज्ज्ञ हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत होता. पडद्यावर ती रेघ अजून होती, वाकलेली. मी विचार केला असं म्हणता येणार नाही. मला कपाट दिसलं, सहा खणांचं. ह्यांचा चेहरा दिसला, खिडकीपाशी, स्टुलावर हात ठेवलेला. स्क्रू त्यांनी बसवला होता. आणि मग टपाल कार्यालयातला माणूस, श्वास घेणारा. लाटेसारखं काहीतरी वर आलं आणि माझ्या तोंडून शब्द बाहेर पडले, अतिशय व्यवस्थित: “मला सांगता येणार नाही.”

“आठवत नाही, की पद्धत नाही?”

“सांगता येणार नाही.”

त्यांनी मान हलवली. निराश झाले ते, पण सुटल्यासारखेही दिसले. कागदावर दोन ओळी लिहिल्या, कागद माझ्यापुढे सरकवला. ‘सदर शब्दप्रयोगाविषयी प्रशिक्षिकेस माहिती नाही.’ खाली सहीची रेघ. “पेन आहे?”

“आहे,” मी म्हटलं. पेन बॅगेत बाहेरच्या कप्प्याला अडकवलेलं असतं, नेहमी, डावीकडे. मी त्यांच्याकडे बघत होते, बॅगेकडे नव्हे. हात गेला. चेनचा आवाज झाला, बाहेरच्या कप्प्याचा नव्हे, आतल्याचा. मला तो ऐकू आला आणि तरी मी खाली बघितलं नाही. बोटं आत शिरली, कापडाला लागली, आणि मिटली. आईंची रोज हवेत मिटतात तशी, फक्त माझ्या हातात काहीतरी होतं. थंड, जड, तळहात भरून. खाली स्क्रू होता, थोडा जास्त लांब.

मी हात बाहेर काढला. मी काढला की तो आला, याचं उत्तर मला आत्ताही देता येणार नाही. पण पुढचं बोलले ते मीच.

“साहेब, डोळे मिटाल का जरा?”

“काय?”

“जुने वैमानिक आहात तुम्ही. वर्गात डोळे बांधलेले असतील ना तुमचे? तसे.”

तज्ज्ञाने माझ्याकडे बघितलं. अधिकाऱ्यांनी क्षणभर विचार केला आणि डोळे मिटले. डोळे मिटल्यावर त्यांचा चेहरा फार तरुण झाला. “डावा हात पुढे करा,” मी म्हटलं. त्यांनी केला. मी मूठ त्यांच्या तळहाताखाली आणली, स्क्रू खाली, जसा दांडा असतो तशी, आणि खालून घट्ट धरून राहिले. त्यांची बोटं तिच्याभोवती मिटली. एकेक नाही, सगळी एकदम, ओळखीने.

“काय आहे?”

“प्रॉप,” ते लगेच म्हणाले. “दोन्ही.”

“हा आमच्या वर्गातला फ्लॅप आहे, साहेब,” मी म्हटलं. “दोन वर्षांपासूनचा. माझ्या घरच्या कपाटाची मूठ आहे, मी लावायला सांगितली होती. नवी आली तरी मी बदलली नाही. मुंगीचा हात मी ह्याच्यावर तयार केला. हाताला काय लागतंय ते बोलायचं, हेही मीच शिकवलं. लिहून घ्या.”

तज्ज्ञाने वायर सोडून दिली. अधिकाऱ्यांनी डोळे उघडले नाहीत. ते ऐकत होते, कपाळाला एक आठी पडली होती. आणि खाली, माझ्या बोटांत धरलेल्या त्या स्क्रूला ओढ जाणवू लागली. त्यांचा हात, त्यांना न विचारता, मूठ किंचित उचलून सावकाश मागे घेत होता.